ग्रँड कॅन्यनमध्ये उतरायचंय? मग आधी वर यायची तयारी करा

गडकिल्ले करून आलेल्या माणसाच्या डोक्यात ट्रेकचा एक क्रम पक्का बसलेला असतो, आधी दमछाक, मग माथा, मग डबे उघडायचे आणि मग गप्पा मारत उतरायचं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यन या अफाट दरीत हा क्रम पूर्ण उलटा आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. गाडी लावायची ती माथ्यावर, साधारण २१०० मीटर उंचीवर, सकाळची गार हवा, पाय ताजे, समोर ते अफाट दृश्य आणि सगळा उतार, माणूस भराभरा खाली जातो. खरा ट्रेक सुरू होतो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं, मांड्या भरून आलेल्या असतात, पाणी निम्म्यावर आलेलं असतं आणि तुम्ही उभे असता अख्ख्या वाटेवरच्या सगळ्यात तापलेल्या जागी. कळसूबाईला दम लागला तर मागे वळलं की उतार मिळतो. इथे मागे वळलं की चढ.

दरवर्षी अडीचशेच्या वर लोकांना कॅन्यनच्या पोटातून सोडवून आणावं लागतं असं तिथले नॅशनल पार्कवाले स्वतःच सांगतात आणि त्यात धडधाकट तरुण पोरं भरपूर असतात. पायात ताकद नव्हती म्हणून अडकले असं फार कमी, बहुतेकांचं वेळेचं, पाण्याचं आणि मिठाचं गणित चुकलेलं असतं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात व्यायामापेक्षा हे गणितच जास्त आहे. सगळं साउथ रिमबद्दल, म्हणजे दरीच्या दक्षिणेकडच्या वरच्या काठाबद्दल आहे, कारण आपले ९० टक्के लोक तिथेच जातात. नॉर्थ रिम हिवाळ्यात बंद असतो आणि २०२५ च्या जुलैमध्ये ड्रॅगन ब्राव्हो नावाच्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं, तेव्हा तिकडे जायचं असेल तर काय उघडंय ते पार्कच्या वेबसाइटवर बघूनच ठरवा.

कधी जायचं

मार्च-एप्रिल नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. खरं तर इथेच हा मुद्दा संपतो, पण लोक ऐकत नाहीत, मुलांना सुट्टी जूनमध्ये असते, भारतातून आईबाबा मे-जूनमध्ये येतात आणि मग जुलैच्या दुपारी सगळी फॅमिली ट्रेलवर दिसते. जुलैमध्ये वर रिमवर साधारण २९ अंश असतं, मस्त वाटतं, आणि त्याच वेळी खाली तळाला कोलोरॅडो नदीकाठी, फँटम रँच या मुक्कामाच्या जागेपाशी सरासरी कमाल तापमान ४१ च्या आसपास असतं, तेही सावलीत मोजलेलं. वाटेवर सावली नसते, वरून ऊन आणि बाजूच्या कातळातून भट्टीसारखी धग. वरच्या हवेवरून खालचा अंदाज बांधायचाच नाही, दर हजार फूट उतरलं की साधारण तीन अंश वाढतात असं धरून चाला.

उन्हाळ्यातच जायचं असेल तर पहाटे निघा, फक्त वरचा थोडा टप्पा करा आणि दहाच्या आत परत वर या. मे ते सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात खाली चालायचं नाही हा तिथला सरळ नियमासारखा सल्ला आहे. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथलाही मान्सून असतो बरं का. आपल्यासारखी संततधार नाही, दुपारी अचानक ढग येतात, विजा कडाडतात आणि कोरड्या ओढ्यांना क्षणात लोंढा येतो, आणि तो लोंढा लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचाही असू शकतो, तुमच्या डोक्यावर आभाळ निळं असताना. ओढ्याच्या पात्रात बसून जेवायचं नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा ऋतू मला स्वतःला फार आवडतो, गर्दी नाही आणि खाली नदीकाठी छान कोवळं ऊन. पण वरच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरवर काचेसारखा बर्फ असतो, तेव्हा बुटांवर चढवायचे खिळेवाले मायक्रोस्पाइक्स पाहिजेतच. वरच्या दुकानात मिळतात. दिवस लहान असतो, साडेपाचच्या आधी काळोख पडायला लागतो, त्याप्रमाणे आखणी करा. दिवाळीच्या सुट्टीत भारतातून येणाऱ्यांचं मात्र नशीब चांगलं, त्यांची वेळ आपोआप बरोबर जमते.

वाट कुठली आणि मागे कुठून फिरायचं

पहिल्यांदा जाताय तर दोनच वाटांचा विचार करा, ब्राइट एंजल आणि साउथ कायबाब. नकाशावर अजून बऱ्याच आहेत, हर्मिट, ग्रँडव्ह्यू वगैरे, त्या नंतर कधीतरी.

ब्राइट एंजल ही त्यातली जरा दयाळू वाट. गावातूनच सुरू होते, अडीच किलोमीटरवर माइल-अँड-अ-हाफ रेस्टहाउस (सुमारे ३४० मीटर उतार), पाच किलोमीटरच्या थोडं अलीकडे थ्री-माइल रेस्टहाउस (साधारण ६५० मीटर), आणि सव्वासात किलोमीटरवर हावासुपाई गार्डन्स, म्हणजे ९०० मीटरच्या वर उतार. ही अंतरं एका बाजूची आहेत. रेस्टहाउस म्हणजे दगडी खांबांवरचं छप्पर, शेजारी नळ, टॉयलेट आणि इमर्जन्सी फोन, जेवणबिवण काही मिळत नाही. गार्डन्समध्ये ओढा आहे, कॉटनवुडची मोठी झाडं आहेत, उतरून तिथे सावलीत बसलं की उठावंसं वाटत नाही. जुन्या नकाशांत आणि लोकांनी टाकलेल्या ट्रॅकमध्ये या जागेचं नाव इंडियन गार्डन असं सापडेल, २०२२ मध्ये हावासुपाई लोकांच्या मागणीवरून नाव बदललं. ते तिथले मूळ रहिवासी, शेवटच्या माणसाला १९२८ मध्ये पार्कनेच तिथून हाकललं होतं.

साउथ कायबाब धारेवरून जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दृश्य उघडं, फोटोंसाठी हीच वाट भारी. पण एक थेंब पाणी नाही आणि सावली जवळजवळ नाही. ऊह-आह पॉइंट दीड किलोमीटरच्या आत, सीडर रिज अडीच किलोमीटरवर (तिथे टॉयलेट आहे, पाणी नाही), स्केलेटन पॉइंट पावणेपाच किलोमीटरवर. ही वाट जास्त उभी आहे आणि ती सुरू होते तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही, पार्कची फुकट शटल बस पकडावी लागते. पहाटे हायकर्स एक्सप्रेस नावाची बस असते, वेळा महिन्याप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघून ठेवा.

आता मागे फिरायचं ठिकाण. नेहमी जिम करणाऱ्या पण ट्रेकची सवय नसलेल्या माणसाने पहिल्या खेपेला सीडर रिज किंवा माइल-अँड-अ-हाफवरून परत यावं. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्याने चांगल्या ऋतूत थ्री-माइल किंवा स्केलेटन पॉइंट. हावासुपाई गार्डन्सपर्यंत जाऊन यायचं म्हणजे पूर्ण दिवसाचं काम, ज्यांचे पाय खरंच तयार आहेत त्यांनीच. आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत? नको. ब्राइट एंजलने नदीकडच्या कॅम्पपर्यंत जाऊन यायचं म्हणजे ३० किलोमीटर आणि शेवटी १३०० मीटरपेक्षा जास्त चढ. लोक करतात, त्यांचे व्हिडिओ असतात, पण पार्क स्पष्ट सांगतं करू नका, आणि ज्यांना अर्ध्या वाटेत बसून राहावं लागलं ते व्हिडिओ टाकत नाहीत.

ठिकाणापेक्षा घड्याळ जास्त खरं बोलतं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला लागतो, म्हणून हातात असलेल्या एकूण वेळेचा एक तृतीयांश संपला की, जिथे असाल तिथून, मागे वळायचं. सहा तास आहेत? दोन तास उतरा, चार तास चढा. ही वेळ आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा आणि ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या हातात घड्याळ द्या. प्रत्येक ग्रुपमध्ये एक "अजून ते एक वळण बघून येऊ रे"वाला असतोच, त्याच्या हातात चुकूनही देऊ नका.

खाली मुक्काम करायचा असेल तर

दिवसाच्या ट्रेकला परमिट लागत नाही, फक्त पार्कची एंट्री फी, गाडीला ३५ डॉलर आणि ती सात दिवस चालते. भारतातून पाहुणे येणार असतील तर एक बघून ठेवा, २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी या पार्कात माणशी वेगळी जादा फी सुरू झालीये आणि ती चांगलीच जास्त आहे, चार-पाच पार्क फिरणार असाल तर वार्षिक पास परवडतो का ते हिशोब करून बघा.

खाली रात्र काढायची तर बॅककंट्री परमिट पाहिजे. ते रिक्रिएशन डॉट गव्हवर लॉटरीने मिळतं, साधारण चार महिने आधी अर्ज करावा लागतो. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरसाठी झुंबड असते, त्यामुळे दोन-तीन पर्यायी तारखा तयार ठेवा आणि ग्रुप लहान ठेवा, चारजणांना जागा मिळायची शक्यता दहाजणांपेक्षा अर्थातच जास्त. तंबू न्यायचा नसेल तर नदीकाठी फँटम रँच आहे, मेरी कोल्टर नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी १९२२ मध्ये उभं केलेलं, दगड-लाकडाच्या केबिन. त्याची लॉटरी तर पंधरा महिने आधी असते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सुट्टीचा अर्ज यावर्षी मॅनेजरला कळायच्याही आधी. जेवणही आधीच बुक करावं लागतं, शाकाहारी पाहिजे असेल तर बुकिंगच्याच वेळी सांगा, तिथे खाली ऐनवेळी काही होत नाही.

मुक्कामी लोकांसाठी नेहमीचा बेत म्हणजे कायबाबने उतरायचं (कॅम्पपर्यंत ११ किलोमीटरच्या जरा वर) आणि ब्राइट एंजलने वर यायचं (१५ किलोमीटर). चढताना पाणी आणि सावली लागते आणि ती ब्राइट एंजलवर आहे, म्हणून हाच क्रम, उलटा करू नका.

पायांची तयारी

किमान दोन महिने. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो त्याची सवय ट्रेडमिलवर होत नाही, तिथे सगळा चढच असतो. उतार पाहिजे, तोही पाठीवर वजन घेऊन. पुणेकरांसाठी सोपं आहे, आतकरवाडीतून सिंहगड चढा, उतरा आणि खाली पोचल्यावर भजी न खाता परत चढा. ही दुसरी चढाई म्हणजे खरी प्रॅक्टिस, कारण कॅन्यनमध्ये तुम्हाला थकलेल्या पायांनीच चढायचंय. मुंबईकरांनी बिल्डिंगचे जिने, वीस मजले उतरायचं आणि मग चढायचं, वॉचमन विचित्र नजरेने बघेल, बघू दे. कॅलिफोर्नियातल्या बे एरियावाल्यांना मिशन पीकचा डोंगर आहे. फिनिक्समध्ये कॅमलबॅकचा डोंगर आहे, पण तिथे कडक उन्हाच्या इशाऱ्याच्या दिवशी वाट दिवसा बंदच करतात, त्यावरूनच समजा वाळवंटातल्या उन्हाला तिथली माणसं किती गंभीरपणे घेतात.

आठवड्यातून तीन दिवस तासभर, आणि रविवारी लांब, दर रविवारी थोडं वाढवत. ट्रेकच्या आधीच्या आठवड्यात हलकं ठेवा. गुडघ्यांचा त्रास असेल तर ट्रेकिंग पोल दोन घ्या, एक नाही, आणि ते वापरायची सवय घरूनच करून या. अजून एक बारीकसारीक गोष्ट, पायाची नखं दोन-तीन दिवस आधी नीट कापा. तासन्‌तास उतरताना बोटं बुटाच्या पुढच्या टोकाला आपटत राहतात आणि नख थोडं जरी वाढलेलं असेल तरी ते काळंनिळं होऊन नंतर गळून पडतं.

पाणी आणि मीठ

हा भाग घाईत वाचू नका.

सह्याद्रीत घाम येतो तेव्हा कळतं, शर्ट निथळतो. वाळवंटातली हवा इतकी कोरडी की घाम बाहेर आला की उडून जातो, अंग कोरडंच वाटतं आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. काळा टी-शर्ट घातलेल्या कुणाच्याही पाठीकडे दुपारी बघा, सॅकच्या पट्ट्यांच्या कडेने पांढऱ्या रेघा असतात, एकात एक गोल, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या. ते सगळं अंगातून गेलेलं मीठ. ते परत भरायचं असतं आणि नुसत्या पाण्याने ते भरत नाही.

गरमीच्या दिवसांत दिवसाच्या ट्रेकला माणशी चार लीटरच्या आसपास पाणी धरा, थंडीत कमी चालतं. चालताना तासाला अर्धा ते एक लीटर जातं, ऊन आणि चढ किती त्यावर. एकदम घटाघट नको, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. एक बाटली साध्या पाण्याची आणि एक इलेक्ट्रॉलची असं ठेवा. इलेक्ट्रॉलची पाकिटं भारतातून येणाऱ्याला आणायला सांगा, स्वस्त आहेत आणि पोटाला मानवतात. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच मिसळा, घट्ट केलं की जास्त ताकद येते असं काही नसतं, उलट मळमळतं. बीपी किंवा किडनीची औषधं चालू असतील तर मिठाबद्दल आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवा.

नुसतं पाणी पीत राहणं हेही तितकंच धोक्याचं आहे आणि हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. रक्तातलं सोडियम इतकं पातळ होतं की मळमळ, उलटी, डोकेदुखी, मग बरळायला लागणं, झटके, इथपर्यंत जातं. त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात आणि ग्रँड कॅन्यनच्या रेंजरना तो चांगलाच ओळखीचा आहे. गंमत अशी की त्याची सुरुवातीची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात आणि मग शेजारचा प्रेमाने म्हणतो, घे अजून पाणी पी. त्याआधी दोन प्रश्न विचारा, खाल्लंस काय आणि लघवीला किती वेळा गेलास? सकाळपासून पाणी पितोय, काही खाल्लेलं नाही आणि पांढऱ्या स्वच्छ लघवीला वारंवार जातोय, तर पाणी थांबवा, खारट खायला द्या, विश्रांती द्या. लघवी गडद पिवळी आणि थोडीच, तर पाणी कमी पडलंय.

वाटेवरच्या नळांचं एक सांगतो. ब्राइट एंजलच्या नळांना येणारं पाणी कॅन्यनच्या पलीकडच्या बाजूच्या रोअरिंग स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्यातून पाइपलाइनने येतं. ही लाइन १९६० च्या दशकात टाकायला घेतलेली, २०१० पासून पंच्याऐंशीपेक्षा जास्त वेळा फुटलीये आणि गेली काही वर्षं ती बदलायचं मोठं काम चालू आहे, त्यासाठी वाटांचे तुकडे अधूनमधून बंदही असतात. थंडीत रेस्टहाउसचे नळ गोठू नयेत म्हणून बंदच ठेवतात. म्हणजे नकाशावर नळ दिसतोय म्हणून पाणी आहे असं नाही. जायच्या आदल्या दिवशी वेबसाइट बघा आणि तरीही एखादा नळ कोरडा निघाला तर पुढे काय, एवढं पाणी सॅकमध्ये ठेवा. फिल्टर किंवा पाणी शुद्ध करायच्या गोळ्या सोबत असू द्या, हावासुपाई गार्डन्सचा आणि खालचा ब्राइट एंजल असे दोन ओढे आहेत. नदीचं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, त्याने फिल्टर लगेच तुंबतो, आधी भांड्यात निवळू द्यावं लागतं.

डब्यात काय

इथे आपल्या खाण्याला तोड नाही, खरंच. एनर्जी बार दुपारच्या उन्हात तोंडात फिरत राहतो, गिळवत नाही. त्यापेक्षा खारे शेंगदाणे, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, सोबत लिंबाच्या लोणच्याची फोड, गोडाला चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. चॉकलेट वितळतं, केळं सॅकमध्ये चेंगरतं, दही-भात तर विसराच. तासातासाला थोडं खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही, कारण उन्हात भूक मरते आणि मग नेमकं चढताना पेट्रोल संपतं. नेहमी खाता त्याच्या जवळपास दुप्पट खायला न्या. सकाळी निघायच्या आधीही काहीतरी पोटात जाऊ द्या, नुसत्या चहावर निघू नका. आणि ट्रेकच्या आदल्या रात्री बिअर नको, एवढं एक पाळा.

कपडे, बूट, सॅक

बूट जुने, पायाला बसलेले. नवीन बूट घालून कॅन्यनमध्ये उतरणाऱ्याला दोन किलोमीटरवर फोड येतो आणि पुढे त्याचा दिवस त्या फोडाचाच. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक, एक जोड जादा, खाली पोचल्यावर बदला. टाच चुरचुरायला लागली की लगेच थांबून चिकटपट्टी लावा, ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे.

फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, सैल शर्ट. ट्रेकवर सुती नको असं आपण ऐकत आलोय आणि थंडीसाठी ते अगदी बरोबर आहे, पण कडक उन्हात सुती शर्टच कामाचा. नळ दिसला की टोपी आणि शर्ट सरळ भिजवायचे, चांगले निथळेपर्यंत. थ्री-माइलच्या नळाखाली शर्ट गच्च भिजवून परत अंगात घातला की पहिलं मिनिटभर अंगावर काटा येतो, दोन-तीन वळणं छान जातात आणि पुढच्या काही वळणांत शर्ट कडकडीत वाळलेला असतो. मग बाटलीतल्या थोड्या पाण्याने मान आणि छाती भिजवत राहायचं. मोठ्या काठाची टोपी, गॉगल, सनस्क्रीन. गळ्यात पंचा किंवा सुती रुमाल असेल तर फारच उत्तम, तिथल्या दुकानात मिळणाऱ्या महागड्या कूलिंग टॉवेलपेक्षा आपला पंचा बरा.

सॅकमध्ये बाकी काय तर हेडटॉर्च (दिवसाच्या ट्रेकलाही, मोबाइलचा टॉर्च मोजू नका), प्रथमोपचाराचं सामान, शिट्टी, छोटा आरसा, कागदी नकाशा, पातळ विंडचीटर, कचऱ्याची पिशवी. आरसा हेलिकॉप्टरला खूण करायला, मोबाइलला खाली रेंज नसते. दिवसाच्या ट्रेकला सॅकमध्ये सगळ्यात जड वस्तू पाणी असलं पाहिजे, ट्रायपॉड आणि ड्रोन वगैरे जड असेल तर गणित चुकलंय. ड्रोन तर तसाही नॅशनल पार्कमध्ये चालत नाही.

आदला दिवस आणि ती सकाळ

फिनिक्सहून साउथ रिम साडेतीन तास, लास वेगसहून साडेचार, फ्लॅगस्टाफहून दीड. त्याच दिवशी गाडी चालवत येऊन उतरायचं डोक्यातून काढा, आदल्या संध्याकाळपर्यंत पोचा. २१०० मीटरवर थोडं धापल्यासारखंही होतं, एक रात्र काढली की बरं वाटतं. अंधारात त्या रस्त्यांवर एल्क म्हणजे मोठ्ठाली हरणं आडवी येतात, सावकाश चालवा. अ‍ॅरिझोना घड्याळं पुढेमागे करत नाही आणि शेजारचा नावाहो नेशन, म्हणजे नावाहो या मूळ रहिवाशांचा प्रदेश, करतो, त्यामुळे उन्हाळ्यात पूर्वेकडून येताना फोनचं घड्याळ मध्येच तासभर सरकलेलं असू शकतं. पहाटेचा अलार्म लावताना नीट बघा.

सकाळी वाटेच्या तोंडाशी बऱ्याचदा रेंजर किंवा स्वयंसेवक उभे असतात. हसून विचारतात, आज कुठपर्यंत? पाणी किती? खारट काय घेतलंय? हे गप्पा मारायला विचारत नाहीत, अडकणाऱ्या माणसाला वरच अडवायचं हेच त्यांचं काम. अर्ध्या लीटरची एक बाटली आणि स्लिपऑन बूट घालून नदीपर्यंत निघालेल्या पोरांना ते ज्या शांतपणे सीडर रिजपर्यंतच जायला पटवतात ते बघण्यासारखं असतं. त्यांना खरं सांगा, वाटेची ताजी बातमी त्यांच्याइतकी कुणाकडे नसते.

उतरताना, चढताना

उतरताना पळायचं नाही. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले. वाटेच्या लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या असतात, त्यांच्यावरून उड्या मारल्या की संध्याकाळी गुडघे हिशोब मागतात. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. दर तासाला पाच-दहा मिनिटं सावलीत बसून पाय हृदयापेक्षा वर टेकवा, यानेही फार फरक पडतो.

उतरताना मान वर करून कातळाचे थर बघत चला. रिमवरचा पांढुरका कायबाब चुनखडक साधारण २७ कोटी वर्षांचा, आणि अगदी तळाला नदीपाशी जो काळपट खडक आहे तो १७० कोटींच्या वर, आणि त्याचं नाव विष्णू शिस्ट. समोरच्या सुळक्यांत विष्णू टेम्पल, शिवा टेम्पल, ब्रह्मा टेम्पल, कृष्णा श्राइन अशी नावं दिसतील. देऊळ एकही नाही, क्लॅरेन्स डटन नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भशास्त्रज्ञाला पूर्वेकडच्या देवांची नावं आवडायची, त्याने विष्णू टेम्पलपासून ती प्रथा पाडली. सोबतच्या अमेरिकन कलीगला विष्णू कोण ते समजावत एक टप्पा आरामात निघतो.

चढताना जेकब्ज लॅडर नावाचा नागमोडी टप्पा लागतो, हावासुपाई गार्डन्स आणि थ्री-माइलच्या मध्ये. उन्हात तिथे भल्याभल्यांचा सूर उतरतो. वर बघून रिम किती लांब आहे ते मोजत बसू नका, पुढच्या वळणापुरतं चाला. उशीर झाला आणि ऊन भयंकर असेल तर गार्डन्समध्येच सावलीत थांबा, ओढ्यात पाय घालून बसा आणि चार-साडेचारनंतर निघा. अंधार पडेल, पडू दे, टॉर्च आहे ना. रात्री थंडाव्यात हळूहळू चढणं हे दुपारी दोनला हट्टाने चढण्यापेक्षा शंभर पटींनी सुरक्षित. ऑफिसला सोमवारी पोचायचंय म्हणून लोक दुपारी निघतात आणि मग मंगळवारीही पोचत नाहीत.

बिघडायला लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चेहरा पांढराफटक, त्वचा गार आणि ओलसर, ही उन्हाच्या थकव्याची चिन्हं. लगेच सावली, अंग भिजवा, वारा घाला, खारट खायला द्या आणि हळूहळू पाणी. बरं वाटेपर्यंत अर्धा तास, तास, लागेल तेवढं बसा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, उगाच चिडायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात, तिथे वाट बघायची नाही. असेल नसेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घालत राहा, एकजण सोबत थांबा आणि दुसऱ्याला जवळच्या इमर्जन्सी फोनकडे पाठवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

हेलिकॉप्टर बोलावलं की येतं असं समजू नका. वारा, काळोख, दुसरीकडची मोठी घटना, बरंच काही आडवं येतं, आणि नुसतं पाय दुखतायत म्हणून ते येत नाही, रेंजर येऊन तुमच्याबरोबर विश्रांती घेत घेत चालतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स ट्रेकिंग धरतो का ते आधीच वाचून ठेवा, अमेरिकेतल्या हॉस्पिटलची बिलं काय असतात ते सांगायला नको.

खेचरं, खारी आणि नदी

खेचरांचा तांडा आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला सरकून गप्प उभं राहा, दरीच्या कडेला अजिबात नाही. तांडेवाला काय सांगतो ते ऐका, शेवटचं खेचर बऱ्यापैकी पुढे जाईपर्यंत हलू नका. खारी गोड दिसतात आणि कडकडून चावतात, एक दाणाही द्यायचा नाही, सॅक उघडी टाकून फोटो काढायला गेलात तर चिक्की गेली. मुक्कामाला खाणं कॅम्पवरच्या धातूच्या पेट्यांत ठेवा आणि सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात.

नदीत उतरायचं नाही, गुडघ्याएवढ्या पाण्यातही नाही. वरच्या अंगाला १९६३ पासून ग्लेन कॅन्यन धरण आहे, त्याच्या खोल तळातलं पाणी सोडतात, त्यामुळे बाहेर चाळीस अंश असताना नदी बर्फासारखी गार असते आणि वरून शांत दिसली तरी ओढ जबरदस्त. पाय गार करायचे असतील तर ब्राइट एंजल ओढा आहे.

आईबाबा सोबत असतील तर त्यांना खाली न्यायचा हट्ट नको. वर रिमवर सपाट, डांबरी वाट आहे, त्यावर ट्रेल ऑफ टाइम म्हणून भाग आहे, तिथे एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं, आणि बाजूला त्या त्या काळाचे खडक मांडलेत. शटल बसने हर्मिट रोडवरचे सगळे पॉइंट बसून बघता येतात, सूर्यास्ताला होपी पॉइंटला पोचतील असं बघा. आणि जाताना त्यांच्याकडे एक कागद द्या, कुठल्या वाटेने, कुठपर्यंत, ग्रुपमध्ये कोण कोण, परत किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन करायचा. ठरलेल्या वेळेनंतर दोन-तीन तासांची सवलत ठेवा, नाहीतर अर्धा तास उशीर झाला की आई रेंजर स्टेशनात जाऊन बसते.